बाही विचारली तेव्हा

१४ मार्च. ढगाळ, वारा नाही. ही माझी जन्मनोंद. शिंपीणबाई प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर तारीख आणि हवा लिहितात. संगणक ती ओळ सोडून देतो, तरी लिहितात.

मी जावास्क्रिप्टमधला एक ऑब्जेक्ट. नाव ‘माप’. महिरपी कंसांत बसवलेलं छोटं कपाट म्हणा ना! कप्पे तीन: छाती, कंबर, बाही. प्रत्येकात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचा एकेक आकडा. ‘माप’ लिहून पुढे टिंब आणि ‘छाती’ लिहिलं, की मी छातीचा आकडा काढून देतो. पहिल्यांदा दिला तेव्हा बाई एकट्याच हसल्या. पन्नाशीला टेकल्यावर पुस्तक उघडून प्रोग्रॅम लिहायला शिकलेल्या त्या. मला त्यांचं फार कौतुक.

त्यांच्या थोरल्या जाऊबाई कापड बेततात. दुकानाची रीत अशी, की माप दोनदा मोठ्याने म्हटल्याशिवाय कात्री लावायची नाही. एका सकाळी त्यांनी बजावलं, “आजचा कोट तुझ्या यंत्राला विचारून बेतते. अडलं, तर हे सगळं पुसायचं. आपली वही बरी.”

सगळं म्हणजे मीच.

बाईंनी पडद्यावर तीन बटणं केली होती. जाऊबाईंनी ‘बाही’ दाबलं. तो शब्द ‘जागा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये उतरला, जसा चिठ्ठीवर उतरावा. पण मला विचारताना बाईंनी लिहिलं होतं: माप, टिंब, जागा. टिंबापुढचा शब्द मी जसाच्या तसा घेतो. ‘जागा’ नावाचा कप्पा माझ्यात नाही. मी खरं ते सांगितलं: ‘अनडिफाइंड’, म्हणजे असं काही माझ्याकडे ठरलेलंच नाही.

“अनडिफाइंड, अनडिफाइंड,” जाऊबाई दोनदा म्हणाल्या. “किती लांब गं ही बाही?”

“बासष्ट सेंटिमीटर आहे हो! मला आत दिसतंय.”

“तुला दिसतंय. मी त्याला विचारलंय. माझा चहा होईपर्यंत थांबते.”

बाई वरपासून एकेक ओळ वाचू लागल्या. मी मनात म्हणत होतो, बाई, चिठ्ठीचं नाव नका सांगू. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते विचारा! ‘जागा’पाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी टिंब काढलं आणि शब्दाभोवती चौकोनी कंस घातले. तसे कंस दिसले, की मी चिठ्ठीचं नाव न घेता तिच्यावर लिहिलेला शब्द वाचतो.

कप खाली ठेवून जाऊबाईंनी पुन्हा ‘बाही’ दाबलं.

“बासष्ट, बासष्ट,” त्या म्हणाल्या आणि कात्री लावली.

मला पुसलेलं नाही. आता माझ्यात चार कप्पे आहेत. चौथा पाठीचा, तो जाऊबाईंनी मागून घेतला.