कॉलरचा कागद

वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी आयुष्यभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आयुष्यभर मला नापास केलं. मी केलेली भाजी, मी लावलेला पडदा, मी वाढवलेली मुलगी, सगळ्यात त्यांना काहीतरी खोट दिसायचीच. म्हणून छातीचं मोठं ऑपरेशन करून घ्यायला मुलाकडे परगावी निघताना त्यांनी ती पुडी माझ्या हातात ठेवली, तेव्हा मला वाटलं, चुकून दिली.

पुडीत टेकडीवरच्या निळ्या रानफुलाचं बी होतं, मोहरीहून बारीक. ते फूल आमच्या भागाबाहेर उगवत नाही, आणि ज्या उतारावर उगवायचं तो उतार खाणवाल्यांनी खरवडून नेला होता.

"हे शेवटचं बी," वन्सं म्हणाल्या. "मी परत येईन, न येईन. हे राहिलं पाहिजे."

सोबत सूचनांचे दोन कागद दिले. अक्षर मोत्यासारखं, सूर हेडमास्तरणीचा.

पहिला कागद मी भिंतीला टाचला आणि त्याबरहुकूम चालले. ओल्या वाळूत बी मिसळून डबा सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवला. ह्यांनी एकदा साखर समजून त्यात चमचा घातला, तेव्हा मी अशी किंचाळले की दोन दिवस बिचारे फ्रिजकडे फिरकले नाहीत. मग सात कुंड्या भरल्या. एकोणिसाव्या दिवशी हिरवी टोकं वर आली. मी शिवणाचं मशीन सोडून दर तासाला खिडकीशी जायचे. गिऱ्हाइकांचे ब्लाउज लांबले, बोलणी खाल्ली, पण पानं मात्र तरारली.

आणि चार महिन्यांनी ती पिवळी पडली. पाणी वाढवलं, कमी केलं, कुंड्या सावलीत नेल्या, उन्हात नेल्या. आठवड्याभरात सातही कुंड्यांत नुसती माती उरली. मी खिडकीखाली बसून रडले. फुलासाठी रडले आणि वन्संसाठीही, कारण पुढे पुढे ढकललेलं त्यांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं.

फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "रोपं कशी आहेत?"

"छान आहेत," मी ठोकून दिलं. नुकतीच छाती उघडून शिवलेल्या बाईला दुसरं काय सांगणार? पुढे दोन महिने दर रविवारी तीच थाप मारत राहिले. कुंड्या बघवेनात, म्हणून कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्यामागे ढकलून दिल्या. माती फेकायला मात्र हात धजावला नाही.

मग वन्संच आल्या. निम्म्या झाल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "कुठंयत?"

एकेक कुंडी ओढून त्यांच्यापुढे मांडली. "मेली, वन्सं. तुमच्या ऑपरेशनच्याच आठवड्यात. मी फोनवर खोटं बोलले."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या मागे भिंतीकडे बघत होत्या. तिथं खिळ्याला कापड बेतायची माझी कागदी कटिंगं लटकवलेली असतात. उठून त्यांनी त्यातलं कॉलरचं कटिंग काढलं.

"हे अक्षर माझं आहे."

तो सूचनांचा दुसरा कागद होता. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं असताना हाताला येईल तो कागद मी कापते. निम्म्या गल्लीच्या शर्टांच्या कॉलरी त्याच कटिंगवरून बेतल्या होत्या. वन्संनी चष्मा लावला आणि वाचलं, "पानं पिवळी पडली की घाबरू नकोस. पाणी पूर्ण बंद. कुंड्या अंधारात कोरड्या ठेव. कंद खाली झो..." पुढे कात्री फिरली होती.

"पानं गेल्यावर पाणी घातलंस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"मला त्या कुंड्यांचं तोंड बघायची लाज वाटत होती."

वन्संनी बोट मातीत खुपसलं, उकरलं आणि काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. शर्टाच्या गुंडीएवढा पांढरा कंद. टणक. टोकाला बारीकसा गुलाबी डोळा.

"झोपलीत गं," त्या म्हणाल्या. "रोज पाणी घातलं असतंस तर कुजली असती."

माझा जीव भांड्यात पडला. मी खाली फरशीवर बसकण मारली आणि एकेक कुंडी उकरून पाहिली. साती कुंड्यांत कंद होते. एकेक कंद मी हलकेच परत पुरला, आणि वन्सं ते बघत होत्या.

"फूल कधी येईल?" मी विचारलं.

"तिसऱ्या वर्षी. डॉक्टरनं मला वाकायला बंदी केलीय, तेव्हा सगळं तूच करायचं. मी इथं बसून ओरडणार."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं. आणि ही कुंडी वाकडी ठेवलीयस."

मी कुंडी सरळ केली. इतकं बरं त्यांच्या ओरडण्यानं मला कधीच वाटलं नव्हतं.