दुसऱ्या अंकातला गडगडाट

घाबरू नका, मित्रांनो! आकाश निरभ्र आहे. आत्ता ऐकलात तो गडगडाट माझाच होता. मी नाट्यगृहातला एक जुना पत्रा आहे. उंचीने तुमच्या बाबांपेक्षा हातभर जास्त, अंगाने पातळ, पण आवाजाने दांडगा. आमच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग नुकताच संपला आहे आणि माझे अंग अजून थरथरते आहे. ही थरथर आहे तोवरच सगळे सांगून टाकतो.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. माझे भाऊबंद बादल्या झाले, नरसाळी झाले. मला कापून धान्याची कोठी करायचे ठरले होते. खडूने रेघासुद्धा मारून झाल्या होत्या. तेवढ्यात नाट्यगृहाचा सुतार बिजागऱ्या घ्यायला आला. त्याने मला सहज धरून हलवले, तर दुकानातले मांजर एका उडीत माळ्यावर!

"याला कापू नका हो," सुतार म्हणाला, "याच्या पोटात वीज आहे!"

त्या दिवसापासून मी रंगमंचाच्या मागे दोरांवर टांगलेला असे. नाटकात वादळ आले की मला हलवत. प्रेक्षक दचकत आणि छत्री आणली की नाही ते आठवत बसत. काय ते दिवस होते! मग संगणक आला. बटण दाबले की हवी तसली वीज कडाडू लागली. मला खाली उतरवून दोन पेट्यांवर आडवे टाकले आणि माझ्यावर रंगाचे डबे रचले. बावीस वर्षे कुणी ढुंकून पाहिले नाही. डब्यांच्या बुडांची वर्तुळे तेवढी माझ्या अंगावर उमटत राहिली.

आणि यंदा नवे नाटक आले. एक म्हातारी घड्याळजीबाई आणि तिच्या खालच्या घरात राहायला आलेली लहान मुलगी, या दोघींच्या मैत्रीचे. म्हातारीच्या कामाला अक्का होत्या. वय चौऱ्याहत्तर, एके काळी नाट्यगृह गाजवलेल्या. मुलीच्या कामाला अकरा वर्षांची एक पोर. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

नाटकात दोघी जिवलग, पण तालमीत छत्तीसचा आकडा! भिंगरी रोज नवा शब्द घुसडायची. "लिहिलंय तेवढंच बोल," अक्का डोळे वटारायच्या. तिकडे अक्कांचे गाडे रोज दुसऱ्या अंकात अडायचे. वीज कडाडली की खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या अक्कांनी म्हणायचे, "घाबरू नकोस गं, मी आहे ना." वीज कडाडायची आणि अक्का गप्प. विंगेतून वाक्य पुटपुटले, तरी गप्प.

"वय झालं, विसरतात बिचाऱ्या," ध्वनी सांभाळणारा दादा हळहळला. दिग्दर्शिकाबाई दुसरी नटी शोधायला लागल्या. पहिल्या प्रयोगाला नऊ दिवस उरले होते.

त्याच दुपारी दुसऱ्या अंकाची तालीम चालू असताना भिंगरी धावत मागे आली आणि डब्यांना अडखळली. डबे गडगडले, त्यांच्यामागून मी पेट्यांवरून घसरलो आणि फळ्यांवर असा काही आपटलो की नाट्यगृह हादरले. सगळे दचकून वळले. अक्का मात्र खिडकीशी पाठमोऱ्याच होत्या, आणि त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, मी आहे ना."

कुणाला काही उमगेना. भिंगरीला उमगले. सगळे चहाला गेले तशी ती अक्कांसमोर येऊन उभी राहिली.

"आजी, तुम्ही विसरत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

अक्का मटकन खाली बसल्या, माझ्या अगदी शेजारी. "समोर माणूस असला की ओठांवरून कळतं," त्या म्हणाल्या. "तिथे सगळ्यांकडे पाठ असते. याचा दणका पायांत आला म्हणून कळलं. कुणाला सांगू नकोस बाई. बहिऱ्या म्हातारीला नाटकात कोण ठेवेल?"

"मी नाही सांगणार," भिंगरी म्हणाली, "पण तुम्ही सांगा. मी हात धरते."

आणि खरेच, हातात हात घालून दोघी गेल्या. अक्कांनी सांगितले. दिग्दर्शिकाबाई अक्कांच्या अगदी समोर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "अक्का, चूक माझी. मी तर्क करत बसले, विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मला धुतले, पुसले, नवे दोर बांधले आणि खिडकीच्या बरोबर मागे टांगले, म्हणजे माझी थरथर चौकटीतून अक्कांच्या अंगात जावी. मला हलवायचे काम दादाकडे आले. बटणे दाबायची सवय झालेली, त्याचे तोंड एवढेसे झाले.

"चादर झटकतोयस का?" अक्का ओरडल्या. "मनगट नको, खांद्यातून हलव!" तिसऱ्या दिवशी जमले आणि तो लहान पोरासारखा नाचला. मीही नाचलो असतो, पण टांगलेला होतो!

आज नाट्यगृह खचाखच भरले होते. दुसरा अंक आला. दादाने मला हलवले. अक्का बोलल्या, अगदी वेळेवर! आता पाळी भिंगरीची. पण समोरचा तो अंधार आणि ती शेकडो डोकी पाहून तिची बोबडीच वळली. ओठ हलेनात. विंगेत दिग्दर्शिकाबाईंनी कपाळाला हात लावला.

अक्कांनी वळून तिचा चेहरा पाहिला. लिहिलेल्या शब्दाबाहेर कधीही न गेलेल्या अक्का हसून म्हणाल्या, "थांब, आभाळाचं बोलणं अजून संपलं नाही वाटतं." आणि पाठीमागे हात नेऊन त्यांनी बोटे हलवली. दादाला इशारा कळला. त्याने मला हळूच हलवले, दूरवर गुरगुरल्यासारखे.

"झालं याचं," अक्का म्हणाल्या. "आता तू बोल."

भिंगरी खुदकन हसली आणि असली सुटली म्हणता, की प्रेक्षकांना टाळ्या आवरेनात!

पडदा पडला तसे दिग्दर्शिकाबाईंनी अक्कांना मिठी मारली. अक्का भिंगरीला म्हणाल्या, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. येशील?" ती म्हणाली, "विचारताय काय!"

मित्रांनो, घरातले कुणी वडीलधारे माणूस गप्प झाले, तर ते विसरले, थकले असे आपणच ठरवून टाकू नका. समोर जाऊन बसा, तोंडाकडे बघून विचारा. एवढेच मागणे आहे. अधिक बोलायला सवड नाही, कारण प्रेक्षकांतली तीस-चाळीस मुले पळत मागे आली आहेत आणि प्रत्येकाला मला हलवून बघायचे आहे. अक्का रांग लावताहेत, भिंगरी तिसऱ्यांदा रांगेत घुसते आहे. या, तुम्हीही या! फक्त एकेकाने, आणि मनगटातून नाही, खांद्यातून!