शेवंताला न सोसलेलं दूध

कसबा बावड्यातल्या महादेवीअक्का कुणालाही पुरे मार्क देत नसत. वाणी, शिंपी, सख्खा जावई, प्रत्येकाचे थोडे कापलेलेच. केरबा गवळ्याचे तेवढे कापले नव्हते. अक्कांना भाऊ नव्हता. केरबा रोज दुधाचा रतीब घालायचा आणि भाऊबीजेला त्यांच्याकडं पाटावर बसायचा.

गल्लीतल्या बायका त्याच्या दुधाला नावं ठेवत. तो मात्र दूध ओतता ओतता आवाज खाली आणून म्हणायचा, "अक्का, लोकान्ला घालतो की थोडं पाणी. खोटं कशाला बोलू? पर भनीच्या दुधात न्हाय."

अक्का हे गुपित जपून होत्या. शेजारची धोंडुबाई पातळ दुधावरनं कुरकुरली की त्या गालात हसत. आपल्याही दुधावर साय नावालाच धरते, याचं खापर त्या म्हशीच्या पेंडीवर फोडत.

अठ्ठ्याण्णव साली गणपतीनंतर केरबा गोठ्यात घसरला, पाय मोडला. रतीब घालायला त्याची नवी सून क्रांती येऊ लागली. आणि अक्कांची मांजर शेवंता बिघडली. बशी चाटून झाली की दबकून बसायची, मान लांब करून खोकल्यासारखा आवाज काढायची आणि प्यालेलं सगळं फरशीवर ओकायची. पोटात केस अडकला असेल म्हणून अक्कांनी तिच्यापुढं हरळी टाकली. ओकणं थांबेना, वर हगवण लागली.

मग अक्कांचं लक्ष पातेल्याकडं गेलं. दुधावर ही जाड साय.

"पोरी, पीठ मिसळतीस व्हय ग ह्यात?"

"न्हाय वो अक्का. म्हशीखालनं उठलो ती सरळ हितं आलो."

"मग एवढी साय कशी? तुझ्या सासऱ्याच्या दुधाला जल्मात धरली न्हाय."

क्रांती माप उचलून पुढच्या घराकडं वळली. सासऱ्यानं तिला घरं दाखवली होती, मापं सांगितली होती. राहिलेलं सांगायला सुनेपुढं त्याची जीभ रेटली नसावी.

अक्का शेवंताला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं.

"मांजरांना दूध पचतंच असं नाही. त्यात हे म्हशीचं, दाट. बंदच करा. अगदीच द्यायचं तर निम्म्याहून जास्त पाणी घालून."

"इतकी वर्सं हेच पिती की. कधी ओकली न्हाय."

"हेच?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्का परत आल्या. धोंडुबाई दारात उभी होती. "काय म्हणाला वो डॉक्टर?"

"पचत न्हाय म्हणाला," अक्का म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी केरबा काठी टेकत स्वतः रतीब घालायला आला.

"सुनंनं लई तरास दिला म्हणं. तिला काय ठावं, भनीचं दूध कसं असतंय."

अक्कांनी त्यानं घातलेल्या दुधातलंच थोडं बशीत ओतलं, मांजरापुढं ठेवलं आणि शेजारी बसून राहिल्या. शेवंता लपालपा पिऊ लागली. ओक ग बाई, अक्का मनात म्हणत होत्या, एकदा ओक.

शेवंतानं बशी लख्ख केली, मिशा पुसल्या आणि केरबाच्या पायाला अंग घासून तिथंच झोपली.

"गुणाची हाय," केरबा म्हणाला. "मग उद्या कवा येऊ, अक्का?"

अक्कांनी बशी उचलली.

"तू नगं. क्रांतीला लावून दे. औंदा तिला ओवाळतो."