खुर्चीतला आवाज

"यात आवाज भरता येतो का?" मी विचारले.

काउंटरमागच्या मुलीने तीन यंत्रे माझ्यासमोर ओळीने मांडली होती. पहिले साबणाच्या वडीएवढे होते आणि त्यावर उंच, गोल बटणे होती. दुसरे त्याच्याच भावंडासारखे. तिसरे मोठे होते. त्याला बटण असे नव्हतेच, सगळी काचच.

"रेकॉर्डिंग? ते ह्या दोघांत नाही. ह्यांच्यात गाणी आणि रेडिओ, बस. रेकॉर्डिंग ह्या मोठ्यात. शिवाय ह्याच्यावर सिनेमे बघा, नातवंडांचे व्हिडिओ बघा..." तिने काचेवर बोट फिरवले तसा पडद्यावर समुद्र आला आणि निळे मासे आले. "कुणासाठी हवाय, काकू?"

"सासूबाईंसाठी. त्यांना दिसत नाही."

तिचे बोट थांबले. "अजिबात?"

"उजेड तेवढा कळतो."

"मग हा कशाला? सपाट काच आहे, त्यांच्या बोटाला काहीच लागायचं नाही. हा बटणांचा न्या. माझ्या आजोबांना हाच दिलाय. स्वतःच लावतात, स्वतःच बंद करतात. घरात कुणाला हाक मारत नाहीत की कुणाचं ऐकत नाहीत."

सासूबाईंना गाणी ऐकायला यंत्र हवे होते आणि मी निघताना त्यांनीही हेच बजावले होते. "बटणं बोटाला लागतील असा बघ. चालू मी करीन, बंदही मीच करीन. बाकी तुला आवडेल तो आण."

"त्यांना हाच हवाय," मी काचेच्या यंत्राकडे बघत म्हणाले. "एकदा लावला की किती वेळ चालतो? मध्ये कुणी हात लावायला नको."

"दहा तास. खोलीत कुणी फिरकलं नाही तरी चालेल!"

ती सहज हसली. माझे कान तापले. मी यंत्र पिशवीत टाकले आणि घर येईपर्यंत पिशवी पदराखाली धरून चालले.

सासूबाई पस्तीस वर्षे प्रसूतिगृहात नर्स होत्या. मोठ्या सिस्टर. अजूनही रस्त्यात कोणी अनोळखी बाई मला थांबवून विचारते, मोठ्या सिस्टर बऱ्या आहेत ना, माझी दोन्ही त्यांच्याच हातची. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. दुसरा परत येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले त्या दिवशी मी देवापुढे नेम बोलले: रोज धर्मग्रंथातला एक अध्याय, स्वतःच्या तोंडाने, त्यांना वाचून दाखवीन. माझे नेम लहानपणापासूनचे. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही, उपास चुकवत नाही. लोक म्हणतात, सूनबाई म्हणजे गाय. मला ते ऐकायला आवडते, हेही आता कबूल करते.

रोज चार वाजता मी त्यांच्या खोलीत खुर्ची ओढून बसत असे. अध्याय वीस मिनिटांचा, पण सासूबाई त्याचा दीड तास करत. त्यांचा देवावर फारसा विश्वास नव्हता.

"थांब थांब. चाळीस दिवस उपाशी? आणि चालत गेला? नाडी बघितली होती का कुणी त्याची?"

"आई, ऐका ना पुढे."

"ऐकतेच आहे. तू काही पळून जात नाहीस, तोही नाही."

मग प्रसूतिगृहातली एखादी गोष्ट निघे, मग पाणी, मग उशी, मग पुन्हा तीच ओळ. मी हसून वाचत राही. घरी मी एका कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलरी शिवते. सकाळपासून मशीन, मग स्वयंपाक, मग हा अध्याय, मग पुन्हा मशीन. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. पण गेले काही महिने चार वाजत आले की मी घड्याळाकडे बघायचे टाळू लागले होते. मला काही करायचे नव्हते. फक्त मागच्या पायरीवर बसायचे होते, कोणाची हाक न येता.

त्या दिवशी सासूबाईंनी यंत्र हातात घेऊन अंगठा काचेवरून फिरवला. पुढून, मागून, कडांनी.

"हा तर आरसाच की गं. बटणं कुठायत?"

"आता बटणांचे येत नाहीत, आई."

"येत नाहीत?" त्यांनी यंत्र पुन्हा एकदा उलटून चाचपले. "बरं. आम्हीच मागे राहिलो म्हणायचं. मग तुलाच लावावं लागणार, उगाच तुझ्या मागे आणखी एक काम."

माझ्या दिशेने तोंड करून त्या ओशाळल्यासारख्या हसल्या. त्या वेळी तोंड उघडले असते तर सगळे तिथेच मिटले असते.

दोन सकाळी गच्चीवर जाऊन मी सात अध्याय भरले. स्वतःच्या मनाला सांगितले, वाचले तर मीच, माझ्याच तोंडाने. नेमात कुठे म्हटले आहे की त्याच वेळी वाचायचे? देवाशी असा वाद घालताना माणूस किती हुशार होतो!

चार वाजता खुर्ची ओढली. खुर्चीवर दोन उशा रचल्या, म्हणजे आवाज माझ्या तोंडाच्या उंचीवरून येईल. "वाचू का, आई?" हे खरे तोंडाने विचारले. "वाच," त्या म्हणाल्या. मी काचेला बोट लावले, यंत्र उशांवर टेकवले आणि चपला हातात घेऊन बाहेर आले.

पायरीवर ऊन होते. मी भिंतीला डोके टेकवले. आतून माझा आवाज येत होता, सावकाश, सात्त्विक. सासूबाईंनी त्या दिवशी एकदाही अडवले नाही. मी देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तसेच. शेवटच्या दोन ओळींना मी आत जाऊन उभी राही आणि वाचन संपले की पुस्तक मिटल्याचा आवाज करी. सासूबाई म्हणत, "छान वाचलंस."

पाचव्या दिवशी मला पायरीवर डुलकी लागली. खोकल्याने जाग आली. मी अनवाणी धावत दारापर्यंत गेले. सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या, छातीवर हात दाबून.

"पाणी दे गं," त्या म्हणाल्या.

खुर्चीतला माझा आवाज म्हणाला, "आणि जो तहानलेल्याला..." आणि पुढे वाचत राहिला.

तांब्या टेबलावर होता, त्यांच्या हातापासून हातभर लांब. मला चार पावले टाकायची होती. पण मी आत गेले असते तर पावले दाराकडून वाजली असती आणि आवाज खुर्चीतून येत राहिला असता. मी एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असेन? मी चौकट धरून उभी राहिले. त्या टेबलाच्या कडेने बोटे सरकवत गेल्या. औषधाची बाटली आडवी झाली. मग तांब्या सापडला, कलला, निम्मे पाणी चादरीवर गेले. उरलेले त्या प्यायल्या. मग ओल्या जागेवर हात फिरवून त्यांनी चादरीचा तेवढा भाग आत दुमडला.

आणि मी बघत होते. तो सबंध वेळ माझाच आवाज दयेवर वाचत होता.

संध्याकाळी चादर बदलताना मी विचारले, "पाणी सांडलं वाटतं?"

"सांडलं माझ्या हातून," त्या म्हणाल्या.

रविवारी नणंद आली. ती सासूबाईंसारखीच मोठ्याने बोलणारी, मोकळी. आल्या आल्या तिने यंत्र उचलले.

"हे काय? आईला काचेचं? वहिनी, अगं बटणांचे ढिगानं मिळतात! आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकीनं आईबापांना घेतलेत. तुला कुणी शेंडी लावली?"

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला.

"तिला कशाला बोलतेस?" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं, काचेचा आण. गुळगुळीत बरा लागतो हाताला."

"तुला चालू तरी करता येतो का पण?"

"ती आहे ना. रोज चारला हजर. एक दिवस चुकवलेला नाही तिनं."

"धन्य आहे बाई तुझी," नणंद माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "मी तर दुसऱ्याच दिवशी नेम मोडला असता."

ती हसली, सासूबाई हसल्या. मीही हसले असेन.

ती गेल्यावर मी खोलीत गेले आणि पलंगाशी खाली बसले.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"आई."

त्यांनी उसासा टाकला. "पहिल्याच दिवशी. अगं, जन्म गेला माझा बायकांच्या पोटाला नळी लावून ऐकण्यात. आत जीव आहे की नाही, एवढंच ऐकायचं होतं. खोलीत माणूस आहे की नाही, ते मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू पायरीवर नुसती बसायचीस. एकदा घोरलीसही. म्हटलं, दमलीय पोर." त्यांनी चादरीची कड बोटांनी सरळ केली. "तास हवा होता तर मागायचास. दोन दिले असते."

मी त्यांच्या पायांना हात लावला. "त्या दिवशी पाणी... मला वाटलं, आत आले तर तुम्हाला कळेल..."

सासूबाईंचा चेहरा भिंतीकडे होता. त्यांना हे बोलायचे नव्हते, हे मला दिसत होते.

"पाणी मी खुर्चीला नव्हतं मागितलं," त्या हळू म्हणाल्या. "दारात होतीस ना? दाराला मागितलं होतं."

मी यंत्र बदलून आणते म्हटले, त्यांनी मान हलवली. "राहू दे. दुकानात आणि काय सांगशील? आणखी एक खोटं बोलावं लागेल तुला."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुस्तक घेऊन खुर्चीत बसले. पान काढले. तोंड उघडले आणि पहिल्याच ओळीला आवाज फुटेना. पुन्हा सुरुवात केली. तीच गत.

"ठेव ते," सासूबाई म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता. दमलेल्या बाळंतिणीला त्या तशाच सांगत असतील. "यंत्र लाव आणि जा, बस बाहेर जरा. आज मी सांगतेय, जा."

मी उशा न रचता यंत्र खुर्चीवर ठेवले, लावले, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. एवढे दिवस चोरून घेतलेला तास आता हक्काने मिळाला होता. ऊन होते, वारा होता, कोणी हाक मारत नव्हते. पाच मिनिटेसुद्धा मला तिथे बसवले नाही.

मी परत आत गेले. पाऊल वाजू दिले नाही, सवयीने. यंत्र वाचत होते. सातवा अध्याय, गच्चीवर सकाळच्या उन्हात भरलेला. स्वर कसा स्वच्छ, गोड. ती बाई कोण आहे ते मला ओळखू येईना. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

मी पलंगापाशी जाऊन उभी राहिले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसते गुडघे हळूहळू वर घेतले, आधी उजवा, मग दुखरा डावा, आणि पाय आखडून पलंगाच्या पायथ्याशी एका माणसाला पुरेल एवढी जागा केली.

मी अगदी कडेला टेकले.