प्राण भरलेलं पाकीट

पट्टे सोडायची खूण झाली आणि सतराव्या ओळीभोवती गर्दी उसळली. कोळिक्कोडहून शारजाला निघालेल्या विमानात प्राणानंद स्वामी डोळे मिटून बसले होते. तळहातावर केळ्याच्या वेफर्सचं बंद पाकीट. ओठांवर मंत्र होता आणि पाकीट टम्म फुगलेलं.

"प्राण भरला!" शिष्य ओरडला.

"पाकिटात प्राण भरणाऱ्याला तुमच्या देहाची काय मातब्बरी?" स्वामी म्हणाले. "औषधाच्या सुया टाकून द्या. सुई म्हणजे अविश्वास."

हवाई सेविका लिजी कचऱ्याची गाडी ढकलत आली. पंख हलतो तो तुटेल का, इथपासून वैमानिक झोपतो कुठे इथपर्यंत सगळ्या प्रश्नांना तिने अकरा वर्षं हसून उत्तरं दिली होती. तेवढ्यात मुलाकडे निघालेल्या कार्त्यायनीअम्मांनी गाडीत निळी पिशवी टाकली. पिशवीत इन्सुलिन होतं. लिजीने गाडी थांबवली.

"अम्मा, हे काय?"

"आता नको गं पोरी. स्वामींची कृपा झाली."

लिजी मागे गेली आणि ट्रेभर पाकिटं घेऊन आली. सगळी टम्म.

"स्वामीजी, ही कपाटात बंद होती. यांच्यात प्राण कोणी भरला?"

स्वामींनी एक डोळा उघडला. "माझी कृपा दूरवर पोचते."

"यातली चार कोंबडीच्या चवीची आहेत."

"कृपा भेद करत नाही."

"मग एकातला प्राण काढून दाखवा. एकाच."

"स्वामींचं मौन सुरू झालं," शिष्याने जाहीर केलं.

लिजी अम्मांकडे वळली. "पाकीट जमिनीवर बंद केलं, आतली हवा तेवढीच राहिली. वर आल्यावर विमानातल्या हवेचा दाब कमी होतो. बाहेरून दाबणारं कमी झालं, की आतली हवा पसरते. मघाशी कानात दडे बसले ना, ते त्यामुळेच. उतरताना ही सगळी मंत्राशिवाय बसतील."

"म्हणजे स्वामी नसते तरी फुगलं असतं?"

"वैमानिकाने वर नेलं की फुगतं."

"मग पाया त्याच्या पडायचं का?" मागून एकाने विचारलं.

"नको. त्यांना कॉकपिटचं दार उघडायला मनाई आहे."

अम्मा हसल्या नाहीत. त्यांनी कचऱ्यात हात घालून पिशवी काढली, पदराने पुसली आणि विचारलं, "जेवण कधी आणतेस? आधी सुई घ्यायची असते."

चमत्कार दिसला तर खुशाल बघावा, पण हात जोडण्याआधी शेजारचं पाकीटही बघावं. पाकीट फुगलं नाही म्हणून कोणी मरत नाही. इन्सुलिन टाकून दिलं, तर माणूस मरतो.