दाराखालचा टॉवेल

“अहो, हलवू नका त्याला! आत्ताच तर ठेवलंत!”

बंद दाराच्या पलीकडून बायकोचा आवाज आला आणि त्याचा चिमटा हवेतच थांबला. बिडाच्या तव्यावर मांसाचा जाड तुकडा चरचरत होता आणि त्याला तो खरोखरच हलवायचा होता. लोकांची वॉशिंग मशिनं दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस तो. समोरची वस्तू वाजायला लागली की त्याचे हात शिवशिवायला लागायचे.

“नाही हलवत,” तो दाराला म्हणाला.

“चिमटा खाली ठेवा आधी. ठेवलात?”

“ठेवला.”

“खोटं. आवाज कुठे आला?”

त्याने चिमटा ओट्यावर चांगला आपटला. पलीकडे ती हसली. हसण्यातून खोकला निघाला आणि खोकला थांबेपर्यंत त्याचं तव्याकडे लक्षच राहिलं नाही.

औषधांनी तिच्या आजाराचं काही वाकडं केलं नव्हतं, भुकेचं मात्र वाटोळं केलं होतं. तळणीचा, भाजणीचा कसलाही वास नाकात गेला की तिला उमळून यायचं. म्हणून स्वयंपाक करायच्या आधी तो स्वयंपाकघराचं दार लावायचा आणि ओला टॉवेल पिळून, गुंडाळी करून दाराखालच्या फटीत घट्ट बसवायचा. बैठकीच्या खोलीतली कॉट त्याने सरकवून दाराला भिडवून ठेवली होती, आत-बाहेर करायला अंग चोरावं लागे एवढी. वास अडला, आवाज येत राहिला. एवढ्या आवाजाच्या भांडवलावर ती त्याला स्वयंपाक शिकवत होती.

स्वयंपाक म्हणजे तरी काय, एकच पदार्थ. बुधवारी शिवणाच्या कारखान्यात तिची पाळी लवकर सुटायची. वाटेत ती खाटकाकडून स्टेकचा एक बरासा तुकडा घ्यायची आणि पास्ता करायची, भरपूर क्रीम आणि त्याहून भरपूर चीज घालून. लेक लहानपणी खाण्याच्या बाबतीत महाद्वाड होती, सगळ्याला नाक मुरडायची. या ताटाला मात्र तिने कधी नाही म्हटलं नाही. आता ती चौदा वर्षांची होती, शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि विचारलं तेवढंच बोलायची.

“बाकीचे दिवस काय वाटेल ते खा,” डॉक्टरांकडून परत आल्यावर बायको त्याला म्हणाली होती, “पण बुधवारी जिना चढताना तिला हा वास आला पाहिजे. मी असले काय, नसले काय.”

“असं काय बोलतेस?”

“मग कसं बोलू? तुम्हीच सांगा.”

 कुठेतरी लिहून दे, एवढंच तो म्हणाला. त्यावर तिने त्याला वेड्यात काढलं. “लिहून काय कळणार? मशीन बिघडलं की तुम्ही कान लावता का पुस्तक काढता?”

तर आता तो कान लावत होता. मांस तव्यावर पडलं की ‘चर्र’ व्हायला हवं. नुसतं ‘फुस्स’ झालं तर तवा तापलेला नाही, नाहीतर तुकडा कोरडा पुसलेला नाही. मग चरचर चालू राहते. तुकड्याला हात लावायचा नाही. हळूहळू आवाज बसतो, तडतड बारीक होते, की उलटायचं. मांस उतरवून बाजूला जरा विसावू द्यायचं, आणि मग त्याच्या धाग्यांना आडवं कापायचं, नाहीतर चघळत बसावं लागतं. पास्ता रटरटला पाहिजे, क्रीम मात्र बिलकुल रटरटता कामा नये.

“अहो, उलटा!” ती ओरडायची.

“हो!” म्हणून तो उलटायचा.

पहिल्या बुधवारी त्याने मांसाचं चामडं केलं. पुढच्या बुधवारी क्रीम फुटलं, पांढऱ्या गुठळ्या एकीकडे आणि तूपट पाणी एकीकडे. लेकीने दोन्ही वेळा मान खाली घालून खाल्लं. पुढे मात्र एक बुधवार असा आला, की दुपारच्या गोळ्यांनी बायकोचा डोळा लागला तो उघडेचना. त्याने टॉवेल बसवला आणि आवाज न करता, चोरासारखा, एकट्याने सगळं केलं. आवाज बसला तसं उलटलं, गॅस बंद करून मग चीज घातलं. सॉस पास्त्याला कसा अंगासरसा चिकटून बसला होता.

लेकीने पहिला घास घेतला आणि वर बघितलं. कितीतरी दिवसांनी तिने त्याच्याकडे असं बघितलं होतं.

“बाबा, आई करते तसंच झालंय.”

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने आधी बंद दाराकडे बघितलं.

“आईला सांगू नकोस,” तो म्हणाला.

“का?”

“नको म्हटलं ना.”

कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. जोवर शिकवायचं काही शिल्लक आहे तोवर ती जाणार नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. याला काही अर्थ नाही हे त्यालाही कळत होतं. तो काही खुळा नव्हता. पण माणसाचा जीव टांगणीला लागला की तो खुंटी बघत नाही. पुढच्या बुधवारी त्याने मांस मुद्दाम उशिरा उलटलं. त्याच्या पुढच्या बुधवारी तवा न तापवताच तुकडा टाकला. मग क्रीम उकळू दिलं. दारापलीकडून ती ओरडायची, चिडायची, “कसले हो धांदरट तुम्ही!” म्हणायची आणि तो ओट्यापाशी उभा राहून समाधानाने शिव्या खायचा. लेक बिघडलेला पास्ता खाताना त्याच्याकडे रोखून बघायची. 

ओरडणं बारीक होत चाललं होतं. आता ‘उलटा’ ऐकू यायला त्याला दाराजवळ सरकावं लागत होतं.

एका सकाळी तो तिची उशी सारखी करत होता. तिने त्याचं मनगट धरलं.

“तुम्हाला येतंय ना?”

“काय?”

“सोंग पुरे. पास्ता.”

“कुठलं येतंय? बघतेस ना काय काय करून ठेवतो ते.”

“तेच बघतेय. कारखान्यात किती मुली मी हाताखाली शिकवल्या. जिला येत नाही ती तीच चूक परत परत करते हो. तुम्ही दर वेळी नवीन शोधून काढताय.”

चोरी पकडली गेली होती. तो उशीचं टोक ओढत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत, कारण एक हात तिच्या हातात होता आणि दुसरा उशीखाली.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला.

“मला नाही वाटत होय?” ती म्हणाली. “मलाही वाटते. पण तिला कोण खाऊ घालणार ही भीती वेगळी आहे. ती माझी रात्रभर पाठ सोडत नाही. तेवढी एक तरी काढून टाका ना.”

त्याने मान डोलावली.

“आज बुधवार आहे. मला एकदा नीट झालेलं ऐकू द्या.”

संध्याकाळी त्याने टॉवेल पिळून दाराखाली बसवला. तुकडा कोरडा पुसला, मीठ लावलं. तव्यातून धूर निघेपर्यंत थांबला. चर्र झालं, तसा त्याने चिमटा ओट्यावर आवाज करून ठेवला, तिला कळावं म्हणून. चरचर भरात आली, मग बसत गेली. तिने उलटा म्हणायच्या आत त्याने उलटलं.

दारापलीकडे काहीच नाही.

पास्ता रटरटला. लोण्यात लसूण हलकेच चुरचुरला. मांस आडवं कापताना सुरी लाकडी पाटावर टकटक वाजत होती आणि त्याचे कान सगळे दाराकडे होते.  क्रीम मंद आचेवर सोडलं. हातातलं सगळं टाकून दार उघडावं असं त्याला वाटलं. पण क्रीम गॅसवर होतं, आणि ते आज फुटू द्यायचं नव्हतं. त्याने ते हलवत ठेवलं, पास्ता आणि मांस आत सोडलं, गॅस बंद केला, चीज घातलं.

“झालं?” पलीकडून अगदी हळू आवाज आला.

“झालं.”

“छान वाजलं,” ती म्हणाली.

पुढचा बुधवार तिने पाहिला. त्याच्या पुढचा नाही.

काही दिवस घरात नातेवाइकांची वर्दळ होती. डबे येत होते, कुणी ना कुणी वाढत होतं. मग माणसं आपापल्या घरी गेली. तो कामावर जाऊ लागला. एका बुधवारी तो येताना खाटकाकडे थांबला. खाटकाने न विचारताच नेहमीएवढा तुकडा कापला.

घरी लेक बाहेरच्या खोलीत आईच्या कॉटवर अभ्यासाची पुस्तकं पसरून बसली होती. कॉट अजून दाराला भिडलेलीच होती. ती सरकवायचं कुणी काढलं नव्हतं. तो स्वयंपाकघरात गेला, दार लावलं, टॉवेल भिजवला, पिळला आणि गुंडाळी करून फटीत बसवला. बसवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण तवा तापत होता, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला.

चर्र झालं. तो चिमटा घेऊन उभा राहिला. चरचर भरात आली, मग बारीक झाली. आवाज बसला. बसला हे त्याला पक्कं कळलं, कळायला आता कुणाची गरज नव्हती. तरी हात उचलेना. तो दाराकडे बघत उभा होता. तडतडीत करपल्याचा वास मिसळायला लागला.

“बाबा,” दारापलीकडून लेक म्हणाली. “बाबा, उलटा.”

“हो,” तो म्हणाला आणि त्याने उलटलं. एक बाजू काळी पडली होती.

पलीकडे कॉट सरकल्याचा आवाज आला. मग कडीशी खुडबुड झाली. तो खाली वाकला, टॉवेल ओढून काढला आणि खिडकीतल्या दोरीवर वाळत घातला. लेकीने दार उघडलं. वास तिच्या बाजूने बाहेरच्या खोलीत गेला, कॉटपर्यंत गेला, आणि कुणाला उमळून आलं नाही.