येऊन राहिलो

आमच्या अमरावतीत माणूस फोनवर 'येऊन राहिलो', म्हणजे येतोच आहे, असं म्हणाला की त्याचा एकच अर्थ असतो. तो अजून घरीच आहे. बहुतेक अंघोळही व्हायची आहे. हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. सूर्यभानभाऊ तेवढे घेत.

भाऊंचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आणि राजापेठेत गोदाम. मी वाहेद, त्यांच्या मंडपात लायटिंग आणि साउंड करतो. अर्धं आयुष्य त्यांच्याबरोबर, म्हणजे त्यांच्या आवाजाबरोबर गेलं. मंडपवाल्याच्या नशिबी दिवसभर दुसऱ्याची वाट पाहणं असतं. खुर्च्यांचा टेम्पो, फुलवाला, आचारी, सगळे फोनवर येऊनच राहिलेले असतात. भाऊ फोन कानाला लावत आणि गरजत, "येऊन राहिला? कुठून येऊन राहिला? चड्डीवर बसला असशील घरी!" तो आवाज माझ्या भोंग्यापेक्षा लांब जाई. तुमच्यामुळे माझा धंदा बसतो, असं मी एकदा म्हणालो, तर त्यावरही ओरडले.

अकोल्याला नातवाच्या बारशात हे अंगाशी आलं. वर्षाली ही भाऊंची एकुलती एक लेक. तिच्या दारात बापाचाच मंडप पडला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. टेम्पोला उशीर झाला आणि ड्रायव्हर देवीदास फोनवर म्हणाला, "येऊन राहिलो, भाऊ." भाऊ पाळण्याशेजारी उभे होते. तिथूनच कडाडले. बाळ दचकलं आणि असं रडलं की त्याचा श्वास अडकला. बायांची धावपळ झाली. बाळ सावरल्यावर सत्यभामावहिनींनी, भाऊंच्या बायकोनं, सगळ्या सोयऱ्यांसमोर नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि बंद केला. म्हणाल्या, "तुमी जा अमरावतीले. मी येते मंग."

ते 'मंग' काही उजाडलं नाही. बाळ उपडं पडू लागलं, वहिनी अकोल्यातच. भाऊ रोज फोन करत, "कधी येतं?" वहिनी शांतपणे म्हणत, "येऊन राहिली." या शब्दाचा अर्थ भाऊंना कोणी शिकवायला नको होता. ते ओरडत आणि फोन तिकडून बंद होई. एकदा वर्षालीनंच फोन घेतला. म्हणाली, "बाबा, आईले इथं झोप लागते. तिथं नव्हती लागत." त्या दिवशी भाऊ गोदामात गाद्यांच्या ढिगावर बसून होते आणि कोणावर ओरडलेच नाहीत. मला भीती वाटली.

राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वरच्या हॉलमध्ये तेव्हा 'सजगता वर्ग' सुरू झाला होता. एकट्यानं जायची लाज वाटत होती म्हणून भाऊंनी मला ओढत नेलं. डोळे मिटून बसायला माणसाला घर असतं, असं माझं मत. तरी गेलो. प्राजक्ता मॅडम पुण्याच्या होत्या, बोलणं मऊ. त्या म्हणाल्या, राग गिळायचा नाही आणि ओकायचाही नाही. नुसतं त्याच्याकडे लक्ष द्यायचं आणि मनाशी म्हणायचं, 'मला राग येत आहे.' एकेकानं म्हणून दाखवायचं होतं. भाऊंची पाळी आली. कोर्टात साक्ष द्यावी तसे ते ताठ बसून बोलले, "मले राग येऊन राहिला."

हॉल हसला. मॅडमना काही कळेना. "म्हणजे आलाय, की अजून यायचाय?"

"म्हणजे घरून निघालाच नाही अजून," मी म्हणालो. पुन्हा हशा झाला. त्यात मॅडमही होत्या.

भाऊ हसले नाहीत. जिना उतरून गाड्यांच्या गर्दीत आल्यावर मधेच थांबले आणि म्हणाले, "वाहेद, तू बरोबर बोलला. तो निघालाच नसते. मीच त्याले आणाले जातो."

पुढे काही चमत्कार झाला असं समजू नका. जित्याची खोड असते. पण भाऊ टेम्पोची वाट पाहताना फोन खिशात ठेवून उभे राहू लागले. ओठ हलत, "येऊन राहिला, येऊन राहिला." आचारी नत्थुजींनी एकदा विचारलं, "कोन येऊन राहिला, भाऊ? पाहुने?"

"राग," भाऊ म्हणाले.

नत्थुजींनी झारा कढईत तसाच धरला. "मंग त्याच्यासाठी बी पान मांडू काय?"

भाऊंना हसू आलं. कामाच्या वेळी त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वलगावच्या लग्नात मात्र सगळं मुसळ केरात गेलं. देवीदासनं टेम्पोवर ताडपत्री टाकली नव्हती, पावसात गाद्या भिजल्या. भाऊ असे फुटले की नवरदेवाचा घोडा बुजला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवीदासच्या घरी गेले. काय बोलले, असं मी देवीदासला विचारलं. तो बिचारा गोंधळलेला होता. "काईच नाई. चाहा पेले अन् बसून राहिले. शेवटी मीच म्हनलं, चुकलं माझं."

खरं सांगतो, मला हे आवडत नव्हतं. ओरडणारा माणूस गप्प झाला की ओरडायचं काम दुसऱ्यावर येतं. ते माझ्यावर आलं. माझी बायको आबेदा म्हणायची, "आजकल भाऊ नहीं, तुमच गरजते." मी भाऊंवर मनातून चिडलो होतो. आम्ही इतकी वर्षं ऐकून घेतलं आणि हे आता साधू होणार.

मग एका दुपारी वायर गुंडाळताना भाऊ माझ्याकडे टक लावून पाहत होते. म्हणाले, "वाहेद, तुले डाव्या कानानं कमी ऐकू येते काय?"

"किती तरी वर्षं झाली," मी म्हणालो. सारा जन्म भोंग्यांजवळ गेलेला.

"मले दिसलंच नाही," ते म्हणाले, आणि उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. तेव्हापासून बोलायचं असलं की ते आधी उजवीकडे येतात. माझ्या सख्ख्या भावाला अजून हे सुचलेलं नाही. त्या दिवशी माझा भाऊंवरचा राग संपला.

अकोल्याचा फोन रोज चालूच होता. "कधी येतं?" "येऊन राहिली." पण भाऊ आता "बरं" म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा वहिनींनी विचारलं, "तब्येत बरी हाये ना तुमची?" पुढे पुढे भाऊंनी कधी येतेस हे विचारणंच सोडलं. "बाळ काय करून राहिलं?" एवढं विचारत आणि ऐकत बसत. वहिनी सांगत, आज भिंत धरून उभं राहिलं, आज नळाशी खेळलं. फोन लांबू लागला. मी एकदा म्हणालो, "भाऊ, घरी या म्हणून आग्रह तरी करा." भाऊ म्हणाले, "तिची झोप मोडली होती मी. आता कोन्या तोंडानं म्हनू?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही दोघं गोदामात जाजम गुंडाळत होतो. भाऊंचा फोन वाजला. हात धुळीचे होते म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"येऊन राहिली," वहिनी म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं तरी.

"बरं," भाऊ सवयीनं म्हणाले. "सावकाश ये."

तेवढ्यात वहिनींच्या आवाजामागून कोणी तरी ओरडलं, "मूर्तिजापूरवाले उतरा!" आणि एसटीची घंटी वाजली. मूर्तिजापूर म्हणजे अकोल्याहून अमरावतीची अर्धी वाट. फोन कटला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. जाजम तसंच टाकून आम्ही भाऊंच्या घरी गेलो. बाई नसलेलं घर होतं. मोरीत भांडी, दिवाणावर कपड्यांचा डोंगर, तुळशीच्या कुंडीत नुसती काडी. भाऊंनी झाडू घेतला, मी भांड्यांना लागलो. दोघांनाही ती कामं येत नव्हती, त्यामुळे वेळ कुठे गेला कळलं नाही. केर अर्धा दाराशी आला होता तेव्हा फोन वाजला.

"मी उतरली. स्टँडवर हाये. तुमी कुठी आहा?"

भाऊंच्या एका हातात झाडू होता, बनियनवर जळमटं लागलेली, पायात चप्पल नव्हती. जन्मभर ज्या शब्दावर त्यांनी लोकांची सालटी काढली, तो त्यांच्या तोंडून आपसूक निघाला.

"येऊन राहिलो."

मी हातातलं पातेलं धरून उभा होतो. आता ओरडायची पाळी वहिनींची होती आणि तो हक्क त्यांचा पुरेपूर होता.

"घरीच आहा ना अजून?" वहिनींनी विचारलं.

भाऊंनी झाडू भिंतीला टेकवला. "हाव," ते म्हणाले. "घरीच हावो."

वहिनी हसल्या. इतक्या हसल्या की मला डाव्या कानानंही ऐकू आलं.

"या सावकाश," त्या म्हणाल्या. "मी बसून राहिली इथं."